तिसऱ्या रांगेतून ऐकलेलं भूत

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सप्रेम सलाम.

प्रार्थनाघरासाठी मंडळीला मी फुकट दिलेले भोंगे मला खरे कितीला पडले, ते आधी सांगतो. भोंगे दुकानातलेच, त्यांचं काही नाही. पण चढवताना शिडीची पायरी मोडली आणि उजव्या अंगठ्याचं नख गेलं. आपल्या ऑर्गनवाल्याची जन्माची मैत्री गेली. देवाच्या घरात वायर नको म्हणत होता, मी ऐकलं नाही. "स्वतःच्या दारावरची घंटा महिनाभर बंद आहे आणि देवाघरी मोठे दानशूर," असं म्हणून बायकोने अबोला धरला, तो मी फायद्यात धरतो. आणि परवाच्या रविवारी त्यात आणखी एक भर पडली. घरची शांती गेली. ताई, आमच्या सुनेला भूत लागलंय.

हसू नकोस, पत्र खाली ठेवू नकोस. तू होऊ घातलेल्या पाळकांना शास्त्र शिकवतेस, मेलेल्या भाषा वाचतेस, म्हणून पहिलं पत्र तुला.

झालं असं. उपासनेत सून एकटीने गाणार होती. तिचा आवाज खर्जातला, गोड पण हळू, म्हणून मीच मशीनवर तो चांगला वाढवून ठेवला. मशीन तिसऱ्या रांगेत माझ्या खुर्चीशेजारी असतं, बटण माझ्याच हाताशी. भोंगे समोरच्या भिंतीवर, गाणाऱ्याच्या बरोबर डोक्यावर. दुसरं कडवं संपलं. ऑर्गन थांबला. तिने श्वास घ्यायला गाण्याचा कागद तोंडासमोर धरला, आणि त्या शांततेत बाप्याचा आवाज आला. घोगरा, चिडलेला. "आम्ही पुष्कळ जण आहोत. किती वेळ थांबायचं? आत सोडा."

ताई, माझ्या अंगावरचा एकूण एक केस उभा राहिला. सून मागे सरकली, चौथऱ्याची पायरी चुकली आणि धाडकन पडली. पाळकसाहेबांच्या हातातलं पुस्तक पडलं. मागून कुणीतरी म्हणालं, "सैन्य." बस, तेवढा एक शब्द पुरला. शुभवर्तमानातला कबरस्तानात राहणारा तो माणूस, ज्याने आपलं नाव सैन्य सांगितलं, कारण आत पुष्कळ भुतं होती. तो सगळ्यांना एकदमच आठवला.

आता माझं ऐक. आवाज कुठून येतो हे मला कुणी शिकवायचं नाही. मिसरूड फुटायच्या आधीपासून भोंगे दुरुस्त करतोय. बंद खोलीच्या बाहेर उभा राहून सांगतो, आत कुठला स्क्रू ढिला आहे. आणि हे भोंगे तर माझ्या हातचे. खिळा माझा, तार माझी, अर्थिंग माझं. अर्थची तार तर कारागिराच्या हातातही दिली नाही, स्वतः जोडली. तेव्हा मशीनचा प्रश्नच नाही. तो आवाज त्या पोरीच्या तोंडून आला. पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा मी उभा राहून तसं सांगितलंही. दुसऱ्या दिवशी ऑर्गनवाला दुकानात येऊन म्हणाला, "भोंगे उतरव." जळतो, दुसरं काय.

मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी बाहेरगावचे एक प्रचारक बोलावलेत, भुतं काढण्यात नावाजलेले. मार्चच्या पहिल्या रविवारी सुनेला सगळ्यांसमोर उभी करायची. बायको हो म्हणते. मुलगा जमिनीकडे बघतो. सून म्हणते, उभी केलीत तर त्याच पावली माहेरी जाईन, परत येणार नाही. म्हणजे माझ्या हो-नाहीवर सगळं अडलंय.

तेव्हा मला सांग, शास्त्रातलं भूत म्हणजे नक्की काय? ते कसं शिरतं, कसं ओळखायचं? खोटं कशाला बोलू, मला भीतीपेक्षा उत्सुकताच जास्त आहे. आपल्या घराण्यात आजवर कुणाला साधं स्वप्नसुद्धा धड पडलेलं नाही.

तुझा,
भोंग्या


९ फेब्रुवारी

प्रिय भोंग्या,

आशीर्वाद.

तुझं पत्र एकदा बसून वाचलं आणि एकदा उभ्याने. एवढा उत्साह तुझ्या लग्नात तुझ्या तोंडावर नव्हता. मलाही आला, कबूल करते. वर्गात मुलं भुतांवर निबंध लिहितात. भुताच्या शेजारी बसून कुणी पत्र लिहिलेलं मी पहिल्यांदाच वाचलं.

विचारलंस ते सांगते. शुभवर्तमानं लिहिणारे भोळे नव्हते. आजारी माणसं सांगताना ते पक्षघात झालेले वेगळे, फेफरं येणारे वेगळे आणि भुतं लागलेले वेगळे सांगतात. शिंक आली की भूत, असा कारभार नव्हता. पण रेषा पक्कीही नव्हती. एक मुलगा आहे, पडतो, तोंडाला फेस येतो, कधी विस्तवात जातो कधी पाण्यात. त्याच मुलाला एक लेखक फेफरेकरी म्हणतो आणि दुसरा म्हणतो मुका आत्मा लागलेला. त्याच्या बापाला कुठला शब्द बरोबर याच्याशी घेणं नव्हतं. पोरगं उठून बसायला हवं होतं.

जुन्या करारात तर भुतांची फारशी गर्दीच नाही. शौल राजाला दुष्ट आत्मा छळायचा, आणि तोही देवाकडून आला असं लिहिलंय. यावर माझे विद्यार्थी दरवर्षी एकमेकांच्या अंगावर जातात. त्यावर उतारा काय, तर वीणा वाजवणारा मेंढपाळ. म्हणजे संगीताने आत्मा गेला. गाता गाता शिरला असा दाखला मला अजून सापडलेला नाही. शोधते आहे.

आणि तुमचं ते सैन्य. हा शब्द त्या काळी परक्या राजाच्या पलटणीचा. देशावर परकी फौज बसलेली, आणि एक माणूस कबरींत राहतो, दगडाने स्वतःला ठेचतो आणि म्हणतो माझं नाव पलटण. काही अभ्यासक म्हणतात, ते भूत म्हणजे त्या फौजेची दहशत. काही म्हणतात, छे, भूत म्हणजे भूत. मी दोघांचं ऐकून घेते आणि त्या माणसाकडे बघते.

सुनेबद्दल माझा अंदाज स्पष्ट आहे. परक्या घरी आलेली मुलगी, सासू कडक, नवरा तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला. गिळलेलं बोलणं कुठून तरी बाहेर पडतंच, कधी परक्या आवाजातसुद्धा. वैद्यकात याला नाव आहे. चांगल्या डॉक्टरकडे ने. आणि हे पत्र तुझ्या बायकोच्या हाती पडू देऊ नकोस.

प्रचारकांना माझ्याकडून एक गोष्ट सांग. एका याजकाचे सात मुलगे ऐकीव नावाच्या जोरावर भूत काढायला गेले. भुताने विचारलं, ज्याचं नाव घेताय त्याला मी ओळखतो, पण तुम्ही कोण? आणि असा चोप दिला की सातही जण उघडेनागडे रस्त्याने पळाले. कपडे सांभाळा म्हणावं.

तुझी,
ताई


१४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पत्र बायकोच्या हाती पडलं नाही, कानी पडलं. मीच जेवताना वाचून दाखवत होतो. मेंढपाळापर्यंत सगळे खूश होते. "सासू कडक" हे डोळ्यांना दिसलं तेव्हाच थांबायला हवं होतं, पण माझं तोंड आणि ट्रकचा ब्रेक, जरा पुढे जाऊनच थांबतात. बायको म्हणाली, "तुमच्या ताईला कळवा, सासू मिळाली नाही म्हणून तिचं एवढं शिक्षण झालं." सून ताट घेऊन उठली. जाताना म्हणाली, "आत्यांनी मला एकदाच पाहिलंय. लग्नात, लांबून." हल्ली कपबशीसुद्धा आवाज न करता ठेवते.

सात मुलग्यांची गोष्ट मात्र दुकानात चौघांना सांगितली. चौघांनीही पुढे सांगितली. आता गावात ती माझ्याच नावावर चालते.

इकडे रोज नवीन साक्ष. पहिल्या दिवशी भुताची वाक्यं तीन होती. आता मागच्या बाकावरची बाई म्हणते तिला गंधकाचा वास आला. खजिनदार म्हणतो पोरीचे डोळे उलटे फिरले. तो त्या रविवारी उपासनेला आलाच नव्हता. मी तिसऱ्या रांगेतल्या एकेकाला गाठून विचारलं. आवाज सगळ्यांनी ऐकला, शब्दही तेच सांगतात. तेव्हा गंधक सोड, पण आवाज पक्का.

मागच्या रविवारी सून आली नाही. मंडळी नुसती सामूहिक गाणी गात होती, ऑर्गन भसाभसा वाजत होता, आवाज नाही. लोक म्हणाले, बघा, ती नाही तर तोही नाही. मीही म्हटलं, बघा.

एक वाईट झालं. ती बालवाडीत शिकवते ना, तिथल्या आयांनी मुलं पाठवायची बंद केली. तिथल्या मोठ्या बाईंनी तिला "थोडी विश्रांती घे" म्हणून घरी पाठवलंय. तिने कपाटावरची बॅग खाली काढली आहे. भरली नाही अजून. पलंगाखाली उघडीच असते.

आणि एक चांगलं. भोंग्यांचा नुसता गवगवा झालाय. शेजारच्या दोन मंडळ्यांचे लोक येऊन म्हणाले, "आवाज एवढा साफ ऐकू आला म्हणजे मशीन भारी असणार," आणि ऑर्डर देऊन गेले. प्रचारकांचाही निरोप आला: बाहेरच्या गर्दीसाठी अंगणात आणखी चार भोंगे लावा, भूत बाहेर पडताना सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे. माणूस धंद्याचा पक्का आहे हो. बायको म्हणते हो म्हणा. मी अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. पण चार भोंगे बाजूला काढून ठेवलेत.

डॉक्टरकडे नेलं. त्याने जिभेपासून गुडघ्यापर्यंत तपासलं आणि म्हणाला, कोपर सोललंय, मलम लावा.

तुझा,
भोंग्या


१९ फेब्रुवारी

भोंग्या,

आज प्रिय वगैरे नाही.

भुतांच्या गोष्टींत आणखी एक मुलगी आहे, ती तुझ्या पाळकसाहेबांना आठवली नसेल. दासी होती. तिच्या अंगात भविष्य सांगणारा आत्मा यायचा आणि तिचे मालक त्यावर गब्बर व्हायचे. प्रेषिताने तो आत्मा काढला. मुलगी मोकळी झाली. मालकांनी काय केलं? आनंद? त्यांनी प्रेषिताला धरून बाजारात ओढत नेलं, कारण धंदा बुडाला. त्या गोष्टीत मी मुलांना नेहमी विचारते, आत्मा नक्की कुणाला लागला होता, मुलीला की मालकांना?

तू चार भोंगे बाजूला काढून ठेवलेस. आता तूच सांग, त्या गोष्टीत तू कोण.

आणि कबरस्तानातल्या माणसाची गोष्ट तुम्ही सगळे अर्धीच सांगता. गावाने त्याला साखळ्यांनी बांधलं होतं. बांधण्यापलीकडे कुणाला काही सुचलं नव्हतं. येशू आला आणि त्याने पहिल्यांदा काय केलं? विचारलं. तुझं नाव काय? अख्ख्या गावात त्या माणसाला प्रश्न विचारणारा तो पहिला. मग तो माणूस बरा झाला, कपडे घालून शुद्धीवर बसला, आणि लिहिलंय की हे बघून गाव घाबरलं. साखळ्या तोडणाऱ्याला घाबरून बांधलं ते समजतं. पण शुद्धीवर बसलेल्याला घाबरून त्यांनी येशूलाच विनवलं, आमच्या हद्दीतून जा.

तू तिसऱ्या रांगेला विचारलंस. डॉक्टरला विचारलंस. मला विचारलंस, आणि मी शहाणीने न बघता, न भेटता तिचं निदान लिहून पाठवलं. ती बरोबर बोलली, मी तिला एकदाच पाहिलंय. तुझ्या दोन पत्रांत गंधकाचा वास आहे, खजिनदाराने सांगितलेले उलटे डोळे आहेत, पण "मी तिला विचारलं" हे वाक्य नाही.

विचार आणि मग मला लिही.

ताई


२६ फेब्रुवारी

प्रिय भोंग्या,

आठवडा झाला, उत्तर नाही. लहानपणी तुला धपाटा घातला की तू माळ्यावर जाऊन बसायचास आणि वरून ओरडायचास, "मी रुसलो नाही." तसं काही असेल तर खाली ये.

मागचं पत्र कडक होतं. त्यातला एकही शब्द मागे घेत नाही, पण शेवटी "आशीर्वाद" लिहायचं राहिलं, ते इथे लिहिते.

रविवार जवळ आलाय. ती घरात आहे ना, एवढं तरी कळव.

तुझी,
ताई


२७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

मी रुसलो नव्हतो.

बरं, रुसलो होतो. तुझं पत्र आल्यावर दिवसभर कुणाशी बोललो नाही. दुकानातल्या कारागिराला वाटलं माझाच घसा बसला. "त्या गोष्टीत तू कोण" हे वाक्य तू नेमकं बरोबर जागी मारलंस. खाई त्याला खवखवे, म्हणून तर खवखवलं. दुसऱ्या दिवशी ते चार भोंगे परत माळ्यावर टाकले. आणि मग विचारलं.

सून स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती. मी स्टूल घेऊन समोर बसलो. म्हटलं, "बाई गं, त्या दिवशी काय झालं?"

तिचे हात थांबले. "बाबा, हे तुम्ही आज विचारताय?"

"हो. उशीर झालाय."

"आवाज माझा नव्हता. माझ्या डोक्यावरून आला. मी वर बघत मागे सरकले, म्हणून पायरी चुकली."

"डोक्यावर तर भोंगा आहे."

"हो," ती म्हणाली आणि पुढची शेंग घेतली.

ताई, तो "हो" माझ्या छातीत अजून बसलाय. मी समजावायला लागलो, की बाळ, भोंग्यातून यायचं तर माईकसमोर कुणीतरी बोललं पाहिजे, आणि माईकसमोर तर तूच होतीस. आणि माझा कान.

"मग कानालाच विचारा," ती म्हणाली. "माझ्याकडे कशाला आलात?"

तेवढ्यात बायको दारात. एरवी ती अशा वेळी तोंड घालायची संधी सोडत नाही. या वेळी नुसती उभी राहिली, मग म्हणाली, "पोरगी पहिल्याच दिवशी मला म्हणत होती वरून आला म्हणून. मी म्हटलं, सासऱ्याला अक्कल शिकवू नकोस." आणि आत निघून गेली. म्हणजे माझ्याच घरात उत्तर तीन आठवडे पडून होतं, आणि मी पत्रं लिहीत होतो तुला.

मी चाव्या घेऊन सरळ प्रार्थनाघरात गेलो. बुधवारची दुपार. मशीन लावलं, आवाज त्या दिवशी होता तेवढा वाढवला, आणि तिसऱ्या रांगेत बसलो. घूं अशी मंद घरघर, बस. एक कबूतर फडफडलं. दुसरं काही नाही. परत आलो आणि सांगितलं, भोंगे निर्दोष आहेत. म्हणताना मला वाईट वाटत होतं, पण खरं सांगतो, थोडं बरंही वाटत होतं.

सून हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. "बाबा, रविवारी झालं ते बुधवारी कसं दिसेल? रविवारी बघा. मला लोकांसमोर चौथऱ्यावर उभी करू नका. मी दारात उभी राहते, सगळ्यांना दिसेन अशी. तोंडात पाणी भरून."

"पाणी?"

"तोंडात पाणी असताना कुणाला बोलता येतं? तुम्हाला तरी?"

मुलगा तिथेच होता. आमचा दिवटा, जो पाऊण महिना जमिनीकडे बघत होता, तो म्हणाला, "पाण्याचा तांब्या मी धरतो." एवढंच, पण जमिनीकडे न बघता.

मी पाळकसाहेबांना सांगितलं, सून येईल, पण उभी राहील दारात, आणि तिला कुणी हात लावायचा नाही. प्रचारकांनी आनंदाने मान्य केलं. म्हणाले, "भूत वेदीला घाबरतं, म्हणून दार मागतंय." त्यांच्याकडे कशाचंही उत्तर तयार असतं. असाच एक माणूस मी दुकानात रोज आरशात बघतो, त्यामुळे रागावता आलं नाही.

पण ताई, रविवारी आवाज आलाच नाही तर? लोक म्हणतील, पाण्याने तोंड बांधलं म्हणून भूत गप्प बसलं. बॅग आता भरलेली आहे. पलंगाखाली नाही, दाराशी आहे. मला रात्रंदिवस एकच धाकधूक. उभ्या आयुष्यात मी पहिल्यांदा प्रार्थना करतोय की माझ्या भोंग्यात बिघाड असू दे.

तुझा,
भोंग्या


४ मार्च

प्रिय ताई,

बस. पाणी पी. मग वाच.

प्रार्थनाघर खच्चून भरलेलं. खिडक्यांत माणसं. प्रचारक पांढऱ्या कपड्यांत, आवाज असा की त्यांना भोंगा लागूच नये. दाराच्या चौकटीत आमची सून, शेजारी तांब्या धरून मुलगा. तिने सगळ्यांच्या देखत पाण्याची चूळ भरली आणि ओठ मिटले. दोन्ही गाल फुगलेले. लहान पोरं हसायला लागली, आयांनी चिमटे काढले. तिच्या बालवाडीतलं एक कार्टं ओरडलं, "बाई, मी पण." बायको अचानक उठली, आपली खुर्ची उचलून दारापर्यंत घेऊन गेली आणि सुनेच्या मागे ठेवली. बस असं हातानेच खुणावलं. ताई, त्या बाईने लग्नानंतर माझ्यासाठी खुर्ची हलवलेली नाही.

मी मशीनपाशी. आवाज त्या दिवशीइतका. माईकसमोर कुणी नाही. ऑर्गनवाल्याने हात मांडीवर ठेवले. प्रचारकांनी डोळे मिटून गर्जना केली, "बोल. तुझं नाव सांग."

शांतता. घूं अशी ती घरघर, बस. प्रचारक पुन्हा गरजले. पुन्हा काही नाही. लोक दाराकडे बघायला लागले, एकमेकांकडे बघायला लागले, आणि मला वाटलं, संपलं. सुनेच्या कपाळावर घाम. पाणी तसंच.

आणि मग, ताई, खर्र झालं. "आम्ही सातजण आहोत. सकाळपासून उभे आहोत. आत सोडा."

अख्खी मंडळी एकाच वेळी दाराकडे वळली. सून खुर्चीवर बसलेली, गाल फुगलेले, डोळे एवढे मोठे. तिने एक बोट हळूच वर केलं आणि भोंग्याकडे दाखवलं.

पण प्रचारकांचे डोळे मिटलेले. त्यांनी काहीच पाहिलं नाही. हात उंचावून म्हणाले, "तुला आज्ञा आहे, आत्ताच्या आत्ता नीघ."

भोंगा म्हणाला, "अर्धा तास लागेल. गेटवर माणूस नाही."

पहिला हसला तो ऑर्गनवाला. कपाळ ऑर्गनवर टेकलं त्याने, आणि त्याबरोबर खालचे सगळे सूर एकदम वाजले. मग मुलगा. मग सुनेला ते पाणी आवरेना. ती उठली आणि अंगणात जाऊन सगळं पाणी झाडाला घातलं, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून इतकी हसली की बायकोने तिची पाठ चोळली. आत भोंगा बोलतच होता. कुणीतरी कुणाला तरी शिवी दिली, ती पाळकसाहेबांसमोर साफ ऐकू आली. मशीन भारी आहे, यात वाद नाही.

प्रचारकांनी डोळे उघडले, सगळीकडे एकदा बघितलं, आणि म्हणाले, "या घरातून भयाचा आत्मा आज निघून गेला आहे." मानलं बुवा. कपडे शाबूत राहिले त्यांचे.

उलगडा असा. प्रार्थनाघरामागची ती पडीक जागा आठवते? तिथे नाताळनंतर मालाच्या ट्रकांचा तळ सुरू झालाय. गाड्यांना आणि गेटला वायरलेस. रविवारी सकाळी गाड्यांची रांग लागते आणि गेटवाला गायब असतो, म्हणून चालक एकमेकांवर आणि त्याच्यावर खेकसत असतात. ते आमच्या माईकच्या लांबलचक तारेत शिरायचं. सगळे गात असले की ऐकू येत नव्हतं. सुनेचा आवाज हळू म्हणून मी मशीन वाढवलं, ऑर्गन थांबला, आणि त्या एका फटीतून सैन्य आत आलं. बुधवारी तळावर एकही गाडी नसते. शास्त्रातलं सैन्य शेवटी डुकरांत शिरलं, तेव्हा तू विचारणारच म्हणून चौकशी करून ठेवली: गाड्यांत डुकरं नव्हती. कोबी होता.

आता माणसांचं. काल बालवाडीतल्या दोन आया मुलांना घेऊन परत आल्या. बाकीच्या येतील. पण तू लिहिलंस ते खरं निघालं. उपासना सुटल्यावर लोक सुनेच्या जवळ यायला तेव्हापेक्षा जास्त बिचकत होते. भूत लागलेली परवडली, बरोबर निघालेली नाही परवडत. खजिनदार तर तिच्या बाजूने गेलाच नाही. मीच मग उभा राहिलो आणि म्हटलं, मागे याच जागी उभा राहून मी साक्ष दिली होती की आवाज हिच्या तोंडचा, ती साक्ष चुकीची होती. एवढं बोलायला मला भोंगा लागला नाही.

दोन्ही मंडळ्यांच्या ऑर्डरी रद्द झाल्या. ऑर्गनवाला संध्याकाळी घरी आला आणि दारावरची घंटा दुरुस्त करून गेला. बायकोने बॅग उचलली, स्वतः रिकामी केली आणि कपाटावर टाकली. रात्रीच्या जेवणाला सुनेच्या हातच्या कपबशा चांगल्या खणाखणा वाजत होत्या.

आता तू म्हणशील, तुझं ते अर्थिंग काय करत होतं? तपासलं. मी सोमवारी शिडी लावून वर गेलो. अर्थची तार उंदराने कुरतडलेली होती. नाहीतर माझ्या हातच्या कामात परका आवाज शिरणं शक्य नाही. उंदराला काही आपण जबाबदार नाही. सुनेने खालून नवीन तुकडा दिला आणि मी जोडला, आता या रविवारी ती पुन्हा गाणार आहे. तेच गाणं, दुसऱ्या कडव्यापासून पुढे.

तुझा कान,
भोंग्या

ता. क. (सुनेच्या हातचा)

आत्या, पत्र टाकायला बाबांनी माझ्याकडे दिलं, तेव्हा पाकीट उघडंच होतं, म्हणून दोन ओळी. शिडीवर मी होते. बाबांचा अंगठा अजून दुखतो, ते खाली शिडी धरून उभे होते. वर उंदीर नव्हता. अर्थच्या तारेचं टोक भिंतीशी गुंडाळून ठेवलेलं होतं, आणि त्यावर कारखान्यातून येते ती, जोडताना काढायची पिवळी टोपी अजून तशीच होती.